गायनाचा अर्धा तास

माझ्या थोरल्या साडूंना जर सूर्याची नोकरी मिळाली असती, तर उन्हाळ्यात दिवस लांबवायचा आणि हिवाळ्यात आखडता घ्यायचा, ही ढिलाई त्यांनी एक वर्षही चालू दिली नसती. सूर्याचे काम त्यांच्याकडे नव्हते, म्हणून त्यांनी आपली सगळी शिस्त अमरावतीच्या एका सरकारी मराठी शाळेवर खर्च केली. तेथे ते मुख्य शिक्षक, म्हणजे साऱ्यांचे 'मोठे मास्तर', होते आणि मी त्यांच्या हाताखाली दुसरा शिक्षक. शाळेच्या वेळात मी त्यांचा 'दुय्यम' असे आणि शाळा सुटल्याचा टोला पडताच 'साडूभाऊ' होत असे. या दोहोंची सरमिसळ त्यांनी कधी होऊ दिली नाही. एके दिवशी शेवटच्या मिनिटाला ते माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "दुय्यम, तिसऱ्या इयत्तेची उजळणी आपण दोन दिवस टाळलीत, हे मला मुळीच पसंत नाही." मी मान खाली घातली. तेवढ्यात शिपायाने टोला दिला. त्याच ठिकाणी, त्याच पावलांवर उभे राहून ते हसून म्हणाले, "साडूभाऊ, आज घरी वांग्याचं भरीत आहे. जेवायलाच या." भरीत उत्तम होते, पण उजळणी टाळल्याबद्दलचे उरलेले बोलणे दुसऱ्या दिवशी शाळा भरताच मला ऐकावे लागले.

हसण्याचीही त्यांची वेळ ठरलेली होती. गणिताच्या वेळी एका मुलाने दशांश अपूर्णांकांविषयी असे काही उत्तर दिले, की शिपायासह सारी शाळा लोटपोट झाली. मोठे मास्तर मात्र दगडासारखे बसून राहिले. पुढे मधल्या सुटीत मी अंगणात गेलो, तेव्हा ते निंबाच्या झाडाला हात टेकून एकटेच गदगदा हसत होते. "फारच छान उत्तर होतं हो," ते डोळे पुसत म्हणाले, आणि सुटी संपताच पुन्हा दगड झाले. माझी मेहुणी, म्हणजे त्यांची पत्नी, यावर एकदा म्हणाली, "आमच्याकडे भांडायची मुभा रविवारी दुपारी. तोवर कशावरून भांडायचं होतं तेच मी विसरते. म्हणून तर संसार चाललाय!" मेहुणीने हे तक्रारीच्या स्वरात सांगितले, परंतु सांगताना तिने त्यांच्या पानावर तूप जरा जास्तच वाढले, हेही मी पाहिले.

अशा माणसाच्या वेळापत्रकात गायन कसे शिरले, ते आता सांगतो. तो काळ कापसाच्या तेजीचा. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद झाला होता, आणि विलायतेच्या गिरण्यांना अचानक आमच्या वऱ्हाडची आठवण झाली होती. गावात असा भाव कोणी कधी ऐकला नव्हता. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या आल्या, आणि कुणब्यांची जी मुले काल अनवाणी येत होती, ती कानांत सोन्याची बाळी घालून येऊ लागली. माळ्यांची मुले मात्र पूर्वीसारखीच येत; वांगी आणि झेंडू यांना विलायतेत मागणी नव्हती. त्यामुळे सतरंजीवर आपोआप एक रेघ पडली. बाळ्यांची मुले एकीकडे, बिनबाळ्यांची दुसरीकडे. कोणी तसे बसायला सांगितले नव्हते आणि कोणी मोडायला सांगितले तरी ती रेघ मोडत नव्हती.

ही रेघ मोठ्या मास्तरांच्या डोळ्यांत सलत होती. एका संध्याकाळी, म्हणजे मी साडूभाऊ असताना, ते मला म्हणाले, "वाचनात कोणी पहिला असतो, कोणी शेवटचा असतो. गणितात तर असतोच असतो. पण एकदम गाणाऱ्या मुलांत पहिला कोण आणि शेवटचा कोण, हे सांगता येत नाही. दिवसातून अर्धा तास तरी पोरांना तसा मिळावा, असं मला वाटतं." मी नम्रपणे विचारले, "पण शिकवणार कोण? मला गाता येत नाही. आणि आपल्याला गाताना मी कधी ऐकलेलं नाही." ते म्हणाले, "शिकवण्याचं पाहू. आधी वेळ ठरू दे." त्यांची रीतच ही होती. एकदा एखाद्या गोष्टीला वेळ नेमून दिली, की ती गोष्ट झालीच पाहिजे, असा त्यांचा विश्वास होता. आणि दुसऱ्याच दिवशी मधल्या सुटीनंतरचा अर्धा तास गायनाला मिळाला.

गायचे काय, हा प्रश्न त्यांनी लगेच सोडवला. पाढे गायचे. श्लोक व अभंग नीतीच्या तासाकडे गेले होते आणि एका विषयाने दुसऱ्याच्या हद्दीत जाऊ नये, हा त्यांचा कायदा होता; पाढ्यांच्या उजळणीला मात्र स्वतःचा तास नव्हता. म्हणून बेपासून तीसपर्यंतचे पाढे मुलांनी एका चालीत म्हणावेत असे ठरले. माझी अपेक्षा अशी होती की गोंधळ होईल. पण पहिल्याच दिवशी ती मुले इतकी सुरात गायली, की मी फळा पुसता पुसता थांबलो. पन्नास-साठ गळे, पण आवाज जणू एकच. बाळीवाले आणि बिनबाळीवाले एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून डुलत होते. वाऱ्यावर कापसाची लव शाळेत सदैव उडत असे, ती पाट्यांवर बसे, दौतीत पडे आणि 'आ' केलेल्या तोंडांतही जाई; तरी कोणी गाणे सोडले नाही, फक्त मध्येच थू थू करून पुन्हा सूर धरला. मोठ्या मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. शाळेची वेळ होती म्हणून ते हसले नाहीत, पण त्यांचे कान लाल झाले होते.

येथे वाचकांस एक गोष्ट समजावून देणे अवश्य आहे. आमच्या शाळेच्या मागे एक मातीची भिंत होती आणि भिंतीपलीकडे कापसाचे मोठे आवार. तेथे सकाळी गाड्या येत, सौदे होत आणि दुपारी तोल सुरू होई. तोलणाऱ्या मापाऱ्याची मोजण्याची एक जुनी पद्धत असते. तो पहिल्या ओझ्याला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. आणि दुसरे ओझे काट्यावर चढेपर्यंत तोच शब्द लांबट सुरात घोळवत राहतो, 'लाभच लाभ, लाभच लाभ', म्हणजे आकडा डोक्यातून निसटत नाही. मग 'दोनच दोन', मग 'तीनच तीन'. असे त्याचे सारी दुपार चालते.

आठवडाभराने तोच मापारी भर वर्गात येऊन उभा राहिला. उंच, काळासावळा, मिशीत कापूस अडकलेला. "मोठे मास्तर, रामराम," तो म्हणाला. "तुमच्या पोट्ट्यायनं माही पार वाट लावली जी!"

"आत्ता भूगोलाची वेळ आहे," मोठे मास्तर म्हणाले.

"असन. पन माह्यं ऐका. मी म्हनतो, दोनच दोन, दोनच दोन. इकडून तुमचे पोट्टे वरडते, बे दुणे चार! अन् माह्या तोंडून निघते, चारच चार. मंग तीन कुठं गेला? तीन गेला ना तुमच्या शाळेत!"

मुले हसली. मापारी हसला नाही. "हासू नका रे. काल एका पाटलाचं ओझं जास्त धरलं, परवा एकाचं कमी. आज लोक हासून राहिले, उद्या मले चोर म्हनतीन. बापापासून काटा चालवून राहिलो आमी, कोनी बोट नाही दाखवलं."

"आपण तोल अर्धा तास पुढे ढकला."

"अन् ते बैल? त्याईले सांगू का, मास्तरचं गानं चालू हाये, गप उभे राहा?"

"वेळापत्रक वेळापत्रक असतं," मोठे मास्तर म्हणाले. "ते एका काट्यासाठी हलवता येत नाही."

मापाऱ्याने सुस्कारा सोडला. "तुमी मानूस चांगले हा, मास्तर. पन हेकेखोर लय!" असे म्हणून तो निघून गेला.

मोठे मास्तर दोन दिवस अढळ राहिले. तिसऱ्या दिवशी आवारातले पाच-सहा पाटील शाळेच्या पायरीवर आले. शाळेतली निम्मी मुले त्यांची आणि त्यांच्या भाऊबंदांची होती. त्यांतले वयाने मोठे होते ते थेट म्हणाले, "गानंबजावनं तमाशातल्याईचं काम. त्याच्यापाई आमचा तोल काहून चुकवता? दुपारचं गानं बंद करा, नाहीतर पोट्टे घरी नेतो." मुले घरी नेणे म्हणजे शाळाच बंद. शेवटी मोठ्या मास्तरांनी आयुष्यात प्रथम स्वतःचे वेळापत्रक हलवले, आणि गायन सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात नेले, कारण तेव्हा आवारात सौदे चालत आणि तोल नसे.

एक वीट काढली की भिंत कशी खचते, ते मी त्या आठवड्यात पाहिले. गायन वर गेले म्हणून वाचन खाली आले, वाचन आले म्हणून शुद्धलेखन सरकले, आणि शुद्धलेखन जेवणावर आदळल्यामुळे त्यांच्या घरची आमटीसुद्धा अवेळी शिजू लागली. मेहुणी मला म्हणाली, "काल रात्री झोपेत म्हणत होते, 'भूगोल कुठे ठेवू?' मी म्हटलं, फडताळात ठेवा आणि झोपा!"

पण खरे दुःख वेगळेच होते. सकाळी मुलांना गाताच येईना. प्रत्येक मुलाचा सूर निराळा. कोणी आभाळात, कोणी विहिरीत. बाळीवाले बिनबाळीवाल्यांना म्हणत, "तुमी चुकून राहिले," आणि ते म्हणत, "तुमीच." चार दिवसांत सतरंजीवरची रेघ पुन्हा पडली. मोठ्या मास्तरांनी मुलांना कोमट पाणी पाजले, पूर्वेकडे तोंड करून बसवले, उभे केले, पुन्हा बसवले. काही उपयोग झाला नाही. त्यातच अकोल्याहून शाळाखात्याच्या डेप्युटीसाहेबांचा निरोप आला. पाटलांची तक्रार त्यांच्यापर्यंत पोचली होती. ते येऊन परीक्षा घेणार होते, आणि गायनात काही अर्थ दिसला नाही तर तो विषय कायमचा काढून टाकणार होते.

त्या दिवसापासून मोठे मास्तर मधल्या सुटीतही हसेनासे झाले.

कारण सापडले ते असे. एका दुपारी मधल्या सुटीत काही मुले मागच्या भिंतीला टेकून चिंचा खात होती आणि खाता खाता गुणगुणत होती. तीच सकाळची बेसूर मुले, आणि तंतोतंत सुरात. पलीकडून मापाऱ्याचे 'सातच सात' चालले होते. मुले त्याच्याच सुरावर आपला सूर ठेवून गात होती. आम्ही दोघे शिक्षक ज्याला आपले अध्यापन समजत होतो, तो भिंतीपलीकडचा तंबोरा होता! मी हे मोठ्या मास्तरांना सांगितले. ते बराच वेळ भिंतीशी कान देऊन उभे राहिले. मग टोपी नीट केली आणि म्हणाले, "सुटी संपायला अवकाश आहे. चला."

आवारात त्यांना पाहून मापाऱ्याने काट्यावरचा हात काढला नाही. "नऊच नऊ, या मास्तर, नऊच नऊ, बसा, नऊच नऊ."

मोठे मास्तर पोत्यावर बसले. अडखळत, पण काही न लपवता ते म्हणाले, "आमची मुलं तुमच्या सुरावर गातात. तुमच्याशिवाय त्यांना गाता येत नाही. गायन पुन्हा दुपारी आणायचं आहे. तुमचा तोल चुकू नये, यासाठी काय करावं?"

मापारी थांबला. बहुधा त्याच्या सुराबद्दल त्याला कोणी कधी काही म्हटले नव्हते. "माह्या सुरावर?" त्याने आजूबाजूच्या हमालांकडे पाहिले. "ऐकलं का रे? मले तर घरची म्हनते, तुमी बोलता का रेडा वरडते!" मग मिशीवरून हात फिरवून म्हणाला, "सोपं हाये जी. आकडे सोडून काहीबी म्हना. आकड्यानंच तर घोटाळा होते. देवाचं म्हना, नदीनाल्याचं म्हना. मी माह्यं मोजतो, तुमी तुमचं गा."

देवाचे नीतीकडे होते. नद्या भूगोलात होत्या. तरी परतताना मोठे मास्तर म्हणाले, "दुय्यम, नद्यांवर काही जुळवता येईल का? भूगोलाला मी समजावतो." रात्री बसून मी दोन ओळी केल्या. कवितेत त्यांना स्थान नाही, परंतु माहिती अचूक आहे:

पूर्णामाई, पूर्णामाई, मावळतीला वाहत जाई;
मोर्णा तिला भेटू जाई, पेढी मागे राहत नाही.

पुन्हा दुपार आली, पुन्हा तो एक आवाज झाला. पलीकडे तोल बिनचूक चालला. पाटीलही निवळले, मावळतीला वाहणाऱ्या पूर्णेत तमाशासारखे काही त्यांना सापडेना. आता डेप्युटीसाहेबांनी फक्त यावे आणि ऐकावे, एवढेच उरले होते.

ते ठरल्या दिवशी बैलांच्या दमणीतून आले. वाचन ऐकले, गणित पाहिले, मधली सुटी झाली. त्या सुटीत कोणी तरी आवारात धावत आला आणि तारेने आलेली बातमी सांगितली. ती दूरची लढाई संपली होती. विलायतेत कापूस कोसळला होता. आम्हाला शाळेत एवढेच जाणवले, की पलीकडचा रोजचा गलबला एखादे दार लोटावे तसा बंद झाला. सौदे मोडले, काटा थांबला. भिंतीवरून पाहिले तर भरल्या गाड्या तशाच उभ्या होत्या, आणि माणसे जुवांवर हात ठेवून खाली पाहत होती. मापारी रिकाम्या काट्याशी बसला होता.

टोला पडला. गायनाची वेळ झाली.

मुलांनी तोंडे उघडली आणि भिंतीकडे पाहिले. पलीकडून काहीच आले नाही. मग एकाने 'पूर्णा' वरून काढली, दुसऱ्याने खालून, आणि दोन ओळींत त्या बिचाऱ्या नद्या चहूकडे वाहून गेल्या. बाळीवाल्या मुलांना तर घरची बातमी कळली होती. त्यांचे ओठ नुसतेच हलत होते. डेप्युटीसाहेबांनी लेखणी दौतीत बुडवली.

तेव्हा मोठे मास्तर दारात जाऊन उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले आणि मोठ्याने म्हटले, "लाभच लाभ, लाभच लाभ."

त्यांचा गाता आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तो एका स्वराचा होता. वर जाता येत नव्हते, खाली येता येत नव्हते. फाटक्या ढोलासारखा, पण खिळा ठोकावा तसा जागच्या जागी. मुले क्षणभर चपापली. मग एकाने त्या स्वराशेजारी आपला स्वर ठेवला, दुसऱ्याने ठेवला, आणि बघता बघता साठ गळे पुन्हा एक झाले. पूर्णा मावळतीला वाहू लागली, मोर्णा तिला भेटायला निघाली. मुले गात होती आणि मोठे मास्तर घामाने भिजून 'लाभच लाभ' म्हणत होते.

भिंतीवर मापाऱ्याचे डोके दिसले. "मास्तर!" तो ओरडला. "भाव मातीत गेला, अन् तुमी लाभ म्हनून राहिले?"

मोठे मास्तर दोन श्वासांच्या मध्ये म्हणाले, "तुमचा तोल थांबला आहे, म्हणून! लाभच लाभ..."

मापाऱ्याने वळून रिकाम्या काट्याकडे पाहिले. आणि मग तो हसला. त्या बातमीनंतर त्या आवारातले ते पहिले हसू असावे. भिंतीवर दोन्ही कोपरे टेकून त्यानेही सूर धरला. एकामागून एक गाडीवाले भिंतीशी आले. गायनाला तमाशा म्हणणारे ते वयस्क पाटील पागोट्याच्या शेवाने तोंड पुसत आपल्या मुलाला शोधत होते. आणि त्यांना तो लवकर सापडेना, कारण तो एका माळ्याच्या मुलाच्या गळ्यात हात टाकून बसला होता.

गाणे संपल्यावर डेप्युटीसाहेब म्हणाले, "मास्तर, तुम्ही सारा वेळ एकच स्वर लावला होतात."

"होय साहेब. दुसरा मला येत नाही."

साहेबांनी लेखणी पुन्हा दौतीत बुडवली. मग लिहिले, गायन चालू ठेवावे; आणि लिहून झाल्यावर हळूच विचारले, "त्या पेढीनंतर पुढे कोणती नदी येते?"

पुढे तेजी पुन्हा तशी आली नाही. आवारातल्या गाड्या विरळ झाल्या, कानांतल्या बाळ्याही हळूहळू दिसेनाशा झाल्या. गायनाच्या अर्ध्या तासाला मोठे मास्तर दारात उभे राहून स्वर देत. सोमवारी तो जरा चढा असे, शनिवारी जरा उतरलेला, पण एकदा धरला की सरकत नसे. काही वर्षांनी त्यांची बदली अकोल्यास झाली आणि त्यांच्या जागी मी आलो. मला तो स्वर धरता आला नाही. आम्ही एक पेटी मागवली; ती गोड वाजते, आणि मुले नीट गातात.

एकदा कामानिमित्त अकोल्यास गेलो असता त्यांच्या शाळेवरून जाणे झाले. दुपार होती. आत मुले गात होती आणि त्यांच्या खाली, थोडा थकलेला, थोडा घोगरा, तो एक स्वर स्थिर उभा होता. दारात जावे असे फार वाटले. पण शाळेच्या वेळात भेटायला आलेल्या नातेवाईकाला ते ओळख दाखवणार नाहीत, हे मला ठाऊक होते. मी बाहेर ओट्यावर बसून राहिलो. तो अर्धा तास संपू नये, असे मला वाटत होते. पण वेळापत्रक त्यांचे होते. तो अगदी वेळेवर संपला.